भाऊकाकांची विमानं पाहायला बोगमाळोला

ज्या विमानवाहू जहाजावर भाऊकाकांनी १९७१ ची लढाई काढली ती विक्रांत आता कुठेच उभी नाही. ३१ जानेवारी १९९७ ला ती नौदलातून निवृत्त झाली. २००१ पासून काही वर्षं मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून राहिली, २०१२ मध्ये तेही बंद झालं आणि २०१४ च्या नोव्हेंबरात मुंबईच्याच दारुखाना भागात, जुनी जहाजं मोडतात तिथे, तिचं पोलाद कापायला घेतलं. त्या बातमीचं कात्रण भाऊकाकांच्या पत्र्याच्या ट्रंकेत अजून आहे. पुढे थोड्याच वर्षांत तेही गेले. काकूच्या मनात मात्र एक गोष्ट राहून गेली होती. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याच्या तोंडून 'सी हॉक' आणि 'अलिझे' ही नावं ऐकली होती. पुढे वास्कोत भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड असताना ती विमानं डोक्यावरून जातानाही पाहिली होती. पण जवळून, हात लावता येईल इतक्या जवळून, एकदाही नाही. बायकामुलांनी विमानांपर्यंत जायची सोयच नव्हती तेव्हा.

म्हणून गेल्या हिवाळ्यात मी तिला गोव्याच्या नौदल हवाई संग्रहालयात घेऊन गेले. दाबोळी विमानतळाजवळून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जो रस्ता उतरतो, त्या रस्त्यावर ते आहे. १९९८ च्या ऑक्टोबरात सुरू झालं. बाहेर उघड्यावर मांडलेली विमानं आणि हेलिकॉप्टरं, आणि आत दालनं, एवढाच पसारा. बोगमाळोला समुद्रस्नानाला जाणारे बरेच लोक गाडीच्या काचेतूनच विमानं बघून पुढे जातात. नौदलात माणूस असलेल्या घराने तसं करू नये, आणि जाण्याआधी थोडी तयारी करून जावं, असं मला मनापासून वाटतं. आमच्या मालवण तालुक्यात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. इंग्रजांच्या काळापासून रत्नागिरी-मालवणच्या पट्ट्यातली माणसं या नौदलात आहेत, आणि त्यातली बहुतेक अधिकारी म्हणून नव्हे, खालच्या हुद्द्यांवर.

तयारीची सुरुवात ट्रंकेपासून केली. भाऊकाकांचं सेवापुस्तक, निवृत्तीचा दाखला, दोन पदकं, काही फोटो आणि बाकी सगळी काकूने जपलेली पत्रं. पदकांपैकी एक 'पूर्वी स्टार', म्हणजे १९७१ च्या पूर्व आघाडीचं पदक, पाच टोकांचा, तांबूस रंगाचा. दुसरं संग्राम मेडल. दोन्हींवर त्यांचा नंबर, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेलं आहे. हे घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण पदकं पुसायला कधी बाहेर काढली गेली नव्हती. ज्यांच्या घरी अशी पदकं आहेत त्यांनी भिंगाखाली धरून बघावीत. माणसाचा सेवाक्रमांक हाती लागला की पुढची सगळी चौकशी त्याच्यावर उभी राहते.

सेवापुस्तकात हुद्द्यापुढे कंसात 'ए. एच.' अशी दोन अक्षरं होती. एअरक्राफ्ट हँडलर. म्हणजे विमान उडवणारा नव्हे आणि दुरुस्त करणाराही नव्हे. डेकवर विमान हलवणारा, ढकलणारा, साखळीने बांधणारा, चाकाखाली ठोकळा सारणारा. जहाज डुलत असतं, डेक तेलाने निसरडा झालेला असतो, शेजारी दुसऱ्या विमानाचं इंजिन पेटलेलं असतं, आणि त्यात तो माणूस वाकून चाकापाशी असतो. भाऊकाका सांगायचे की तिथे आवाज कानाला ऐकू येतच नाही, छातीच्या फासळ्यांत येतो. म्हातारपणी त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. त्याचा संबंध कुणी कधी जोडला नाही.

घरून पहाटे निघालो. कुडाळला महामार्गावर आलो, बांदा ओलांडलं, पत्रादेवीला गोव्याच्या हद्दीत शिरलो. तिथल्या हुतात्मा स्मारकापाशी काकूने गाडी थांबवायला लावली आणि बसल्या जागेवरून हात जोडले. म्हापसा, पणजी, जुवारीचा नवा पूल, कुठ्ठाळीहून उजवीकडे दाबोळी. जुवारीवर आल्यावर ती म्हणाली की त्यांच्या वेळी इथे फेरीबोटीने पलीकडे जावं लागायचं. नंतर दाबोळीपर्यंत ती काही बोलली नाही. सोमवारी संग्रहालय बंद असतं हे ध्यानात ठेवूनच वार निवडला होता. सकाळी दार उघडण्याच्या सुमाराला पोचलो, तेही ठरवून. विमानं उघड्यावर आहेत आणि दुपारच्या उन्हात सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तिथे उभं करणं बरं नाही. बाहेरचं आधी, दालनं ऊन चढल्यावर, हा क्रम वयस्क माणसाला नेणाऱ्या प्रत्येकाने पाळावा.

आत शिरताच नजर जाते ती सुपर कॉन्स्टेलेशनवर. चार इंजिनांचं, लांब कंबरेचं, तीन शेपट्यांचं हे विमान आधी एअर इंडियाकडे प्रवासी वाहत होतं, मग हवाई दलाकडे गेलं आणि १९७६ मध्ये सागरी टेहळणीसाठी नौदलाकडे आलं. लोक फोटो काढतात ते त्याच्यापुढेच. काकू त्याला वळसा घालून पुढे गेली. तिला सी हॉक हवं होतं.

"इतक्याच असता काय गो ह्या?" हे तिचे पहिले शब्द.

खरंच लहान आहे ते. लांबी बारा मीटरच्या आसपास, एकाच माणसाची बसायची जागा, सरळ पंख. नाकाखाली चार तोफांची तोंडं. धूर आणि आग बाहेर पडायची वाट शेपटीशी नाही, दोन्ही पंखांच्या मुळाशी आहे. ती वाट बघितल्यावर भाऊकाकांची एक सवय मला पहिल्यांदा समजली. ते कुठल्याही वाहनाच्या बाजूने जाताना थोडं लांबून वळसा घेऊन जायचे, अगदी उभ्या ट्रॅक्टरच्याही. या विमानाच्या बाजूने ज्याला रोज जावं लागलं त्याच्या पायांना ते वळण लागणारच.

पंखावर एक रेघ आहे. नीट पाहिलं तर तिथे बिजागरी दिसते. जहाजाच्या पोटातल्या हँगरमध्ये जागा कमी, म्हणून या विमानांचे पंख मधोमध मोडून वर उभे करता येतात. लिफ्टने विमान डेकवर आलं की पंख पसरायचे, कुलूप बसलंय ना ते तपासायचं, मग कॅटापल्टवर, म्हणजे विमान पुढे फेकणाऱ्या यंत्रावर, आणून पोलादी तारेच्या फासात अडकवायचं. वाफेच्या दाबाने कॅटापल्ट सुटला की काही क्षणांत विमान डेकच्या टोकापलीकडे हवेत. परत येताना शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकला पाहिजे, नाहीतर पुन्हा वर जाऊन फेरी मारायची. हे सगळं मला ढोबळ माहीत होतं. बिजागरीखाली उभं राहून वर पाहिल्यावर त्यातली माणसं दिसायला लागली. हा पंख पसरताना खाली कुणीतरी होतं, तो आकडा तारेतून सोडवायला कुणीतरी धावत होतं, आणि मागचं विमान उतरायला येत असताना हे पुढे ढकलून जागा मोकळी करायला कुणीतरी हजर होतं.

तिथे कामावर असलेला एक तरुण नौसैनिक बराच वेळ आमच्याकडे बघत होता. काकू विमानाच्या चाकाशी वाकली तेव्हा तो जवळ आला. मी हिंदीत सांगितलं की यांचे यजमान एकाहत्तरला विक्रांतवर एअरक्राफ्ट हँडलर होते. त्याचा चेहरा बदलला. त्याने टाच जुळवून काकूला नमस्कार केला आणि विचारलं, "माताजी, कुछ दिखाऊँ?"

मी विचारलं की एवढ्या आवाजात ही माणसं वैमानिकाशी बोलत कशी. बोलत नव्हतीच, तो म्हणाला, हातांनी सांगत होती. आणि त्याने करून दाखवलं. दोन्ही हात खांद्याच्या वर, तळवे आपल्याकडे, पुढे ये. एक हात स्थिर आणि दुसरा हलता, या बाजूला वळ. दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांवर आडवे, थांब.

काकू एकदम उभी राहिली. "ते असाच करीत," ती म्हणाली. "यष्टी मागे घेताना."

आमच्या गावात एसटी वडाच्या पारापाशी वळते. जागा अरुंद, एका अंगाला गडगा, दुसऱ्या अंगाला ओहोळ. निवृत्त होऊन घरी आल्यापासून भाऊकाका संध्याकाळच्या गाडीला पारापाशी असायचे आणि ती मागे घेताना मधोमध उभे राहून हात करायचे. आम्हा पोरांना ती त्यांची लकब वाटायची. कंडक्टर घंटी मारायचाच नाही, चालक त्यांच्याकडे बघून गाडी घ्यायचा. तो नौसैनिक बोगमाळोत उभा राहून जे हात करत होता ते अगदी तसेच होते, कोपराच्या बाकापर्यंत. पन्नासहून अधिक वर्षांत विमानं बदलली, जहाजं बदलली, विक्रांत नावाची नवी नौका २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नौदलात दाखल झाली, आणि हातांची ही भाषा मात्र जशीच्या तशी पुढच्या पोरांकडे गेली. काकूने त्याला पुन्हा करायला सांगितलं. त्याने पुन्हा केलं. मी ते मोबाइलवर चित्रित करून घेतलं, आणि या सगळ्या भेटीत घरी आणलेल्या गोष्टींत मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

सी हॉकजवळ उभं असताना एक नाव सांगायला हवं. १८ मे १९६१ ला विक्रांतच्या डेकवर पहिलं जेट उतरवलं ते लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी यांनी. पुढे ते नौदलप्रमुख झाले. इतिहासात त्या उतरण्याची तारीख आणि वैमानिकाचं नाव आहे, आणि असायलाच हवं. त्या दिवशी तार कुणी सोडवली हेही कुठेतरी लिहिलेलं असतं तर फार बरं झालं असतं.

अलिझे शेजारी पाहिलं. फ्रेंच बनावटीचं, तीन माणसांचं, पुढे पंखा असलेलं, पाणबुड्या शोधायचं विमान. त्याच्या पोटाखाली रडारचं घुमट आहे, ते उडताना खाली सोडता येतं. भाऊकाकांना सी हॉकचं कौतुक होतं पण धास्ती अलिझेची होती. फिरता पंखा दिसत नाही, रात्री तर मुळीच नाही, आणि डेकवर दिवे लावायची मुभा नसते. चाकाचा ठोकळा काढून मागे सरायचं ते कुठल्या दिशेने, हे पावलं मोजून पाठ केलेलं असायचं. काकूने पंख्याच्या पात्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

चेतक हेलिकॉप्टर, सी किंग, कामोव्ह, सी हॅरियर, जुनं सीलँड, फायरफ्लाय, व्हॅम्पायर अशी बाकीचीही मंडळी तिथे आहेत. विमानांची हौस असलेल्याने प्रत्येकापाशी थांबावं. आम्ही चेतकपाशी तेवढे थांबलो. विमानं सुटत-उतरत असताना या जातीचं हेलिकॉप्टर जहाजाच्या बाजूला हवेत तरंगत राहायचं, कुणी पाण्यात पडलं तर उचलायला. भाऊकाका त्याला 'देवदूत' म्हणत.

आतल्या दालनात विक्रांतची प्रतिकृती आहे. इथे काकू सर्वांत जास्त वेळ रमली. मूळ जहाज दोनशे मीटरहून लांब होतं. ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ते आपल्या नौदलात आलं. प्रतिकृतीत लिफ्ट, कॅटापल्टची रेघ, तिरका उतरणमार्ग, उजव्या कडेचा मनोरा सगळं एका नजरेत येतं. "हय उभे रवत काय ते?" काकूने विचारलं. सेवापुस्तकात ती जागा लिहिलेली नाही. पण ट्रंकेतल्या एका फोटोत भाऊकाकांच्या मागे मनोऱ्याचा जिना आणि दुमडलेल्या पंखांची रांग दिसते. तो फोटो मी बरोबर नेला होता. प्रतिकृतीशेजारी धरून आम्ही दोघींनी जागा शोधली. मनोऱ्याच्या जरा पुढे. घरचा फोटो असा बरोबर ठेवलेला असला तर संग्रहालयाचा नमुना आपल्याशी बोलू लागतो.

तिथेच मी तिला बॉयलरची गोष्ट सांगितली. १९७१ मध्ये विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेलेले होते. त्यामुळे तिला पूर्ण वेगाने धावता येत नव्हतं. विमानवाहू जहाजाला वेग नुसता पोचायला लागत नाही. विमान सोडताना जहाज वाऱ्याच्या तोंडावर धरून पळवावं लागतं, म्हणजे डेकवर समोरून पुरेसा वारा मिळतो. वेग कमी आणि डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वारा पडलेला, अशा स्थितीत बॉम्बने लादलेलं सी हॉक उडवायचं होतं. एवढं लंगडं जहाज लढाईत न्यावं की बंदरात ठेवावं यावर वरच्या पातळीवर खल झाला आणि न्यायचं ठरलं. कॅप्टन स्वराज प्रकाश जहाजाचे कप्तान होते. ४ डिसेंबरच्या सकाळी सी हॉकनी कॉक्स बझारच्या विमानतळावर हल्ला केला, दुपारी चितगावला गेले. पुढचे दिवस खुलना, मोंगला, चितगाव हे चालूच राहिलं. समुद्रमार्गाने पूर्व पाकिस्तानातल्या फौजेला ना रसद मिळाली ना सुटका. विक्रांतच्या वाट्याला दोन महावीर चक्रं आणि बारा वीरचक्रं आली. महावीर चक्र कॅप्टन स्वराज प्रकाश यांना आणि सी हॉकच्या स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांना.

भाऊकाका ही कथा सांगताना नेहमी खालच्या बॉयलर खोलीपासून सुरुवात करायचे. तडा गेलेल्या बॉयलरच्या शेजारी उभी राहून ज्या पोरांनी वाफ पुरवली त्यांनी एक दिवस कच खाल्ली असती तर वर डेकवर सगळे हात बांधून बसले असते, असं ते म्हणत. वर काय चाललंय हे त्या पोरांना दिसायचंही नाही. डेकवरून एखादा निरोप खाली गेला की तेवढंच. भाऊकाकांच्या बोलण्यात त्या लोकांविषयी जो आदर होता तो मी दुसऱ्या कशाविषयी क्वचितच ऐकला.

मग गाझीची हकीकत. पाकिस्तानची गाझी ही लांब पल्ल्याची पाणबुडी विक्रांतच्या मागावर उपसागरात आली होती. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनी विक्रांत अंदमानात नेऊन लपवली आणि ती विशाखापट्टणमलाच आहे असं भासवत राहिले. राजपूत ही जुनी विनाशिका विक्रांत असल्याप्रमाणे बिनतारी संदेश पाठवत राहिली. मोठ्या ताफ्याला लागेल एवढा शिधा विशाखापट्टणमच्या बाजारातून मागवला गेला. आणि विक्रांतवरच्या म्हणून एका नौसैनिकाच्या नावाने, आजारी आईची चौकशी करणारी साधी तार उघडपणे जाऊ दिली. गाझी विशाखापट्टणमच्या तोंडाशी आली आणि ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री तिथेच बुडाली, आतल्या सगळ्या माणसांसकट. आपलं नौदल राजपूतच्या माऱ्याने बुडाली म्हणतं, पाकिस्तान आतल्या स्फोटाने म्हणतं.

तारेचं ऐकल्यावर काकू प्रतिकृतीपासून बाजूला होऊन बाकावर बसली. ती काय बोलली ते मी तिथेच रेकॉर्ड केलं, म्हणून नीट सांगता येतं. तिचं लग्न त्याच वर्षीच्या वैशाखातलं. नवरा रजा संपवून मुंबईला गेला. पावसाळ्यात विक्रांत पूर्व किनाऱ्याला गेली हे तिला लढाई संपल्यावर कळलं. पत्र लिहायचं ते मुंबईच्या फ्लीट मेल ऑफिसच्या पत्त्यावर. जहाज कुठे आहे ते टपालखात्याने बघायचं, घरच्यांनी विचारायचं नाही. दिवाळीनंतर उत्तर येणं बंद झालं. "पत्र इलाच नाय," ती म्हणाली. सासरे दर दोन दिवसांनी पोस्टात जाऊन रिकाम्या हाताने यायचे, मग जायचे बंद झाले, मग पोस्टमन दिसला तरी तोंड फिरवायचे. रात्री चिमणीचा उजेडसुद्धा बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीला गोणपाट लावलेलं.

डिसेंबरात रेडिओवर बातमी आली की खुकरी बुडाली. ९ डिसेंबरच्या रात्री, दीवच्या किनाऱ्यापासून आत समुद्रात, पाकिस्तानी पाणबुडीने. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच राहिले. हे आकडे आणि नावं गावात तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती. एवढंच ठाऊक होतं की नौदलाचं जहाज बुडालं आहे आणि आपला माणूस नौदलाच्या जहाजावर आहे. कुठल्या, ते काकूला नक्की माहीत होतं, पण सासूला जहाजांची नावं कळत नव्हती. काकू सारखी सांगत राहिली की ते जहाज वेगळं, आणि स्वतःच्या मनाशी म्हणत राहिली की माणसाची बदली झाली असली तर? १६ डिसेंबरला शरणागती झाली, गावात साखर वाटली, पण घरात कुणी ती तोंडात घातली नाही. पत्रं आली ती त्यानंतर, सगळी एकदम, एका सुतळीने बांधलेली. पहिलं तिने उघडलं त्यात भाऊकाकांनी लिहिलं होतं की इकडे सगळं ठीक आहे आणि आईला सांगा पोफळींना पाणी कमी पडू देऊ नका.

"म्हणजे त्या तारेतली आई खोटी," काकू शेवटी म्हणाली. "आमची आई खरी होती. तिका कोणी तार करूक नाय."

मी काही उत्तर दिलं नाही. फसवणूक यशस्वी झाली म्हणून विक्रांत वाचली, विक्रांत वाचली म्हणून भाऊकाका घरी आले. आणि ते गुपित टिकावं म्हणूनच मालवण तालुक्यातल्या एका घराला ते दिवस तसे काढावे लागले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. गाझीची कथा मी आजवर चातुर्याची कथा म्हणून वाचत आले होते. आता ती वाचताना पोस्टाच्या पायरीवरचे आजोबा दिसल्याशिवाय राहत नाहीत, आणि गाझीवरच्या माणसांची घरंही. त्यांनाही कुणी पत्र पाठवलं नसेल.

मला या भेटीतून जे सांगायचं आहे ते इथेच आहे. संग्रहालय विमान जपतं, जहाजाचा नमुना जपतं, पदकं मिळवणाऱ्यांची नावं जपतं. हे काम फार मोठं आहे, खाऱ्या हवेत पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं अ‍ॅल्युमिनियम टिकवून ठेवणं किती कठीण असेल याचा नुसता विचार करून बघा. जे लढाईत गेले त्यांच्यासाठी स्मारकं आहेत, खुकरीचं दीवला समुद्राकडे तोंड करून उभं आहे. जे साखळ्या बांधून, ठोकळे सारून, वाफ पुरवून जिवंत परत आले आणि मुकाट्याने शेतीला लागले, त्यांची हकीकत ट्रंकेत आणि घरच्या बायकांच्या बोलण्यात आहे. ती आपणच तिथे घेऊन जायची असते. काकू त्या पंखाखाली उभी राहिली नसती तर पारापाशी एसटीला केलेले हात हे विक्रांतच्या डेकवरचे होते हे आम्हाला कधीच कळलं नसतं.

गोवा मुक्तीचा भाग आम्ही भराभर पाहिला. डिसेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावर सात नौसैनिक पडले. दाबोळीचा तळ पुढे नौदलाकडे आला आणि त्याच्यामुळेच भाऊकाकांची नंतरची नेमणूक वास्कोत झाली. काकूला आता बाहेर जायचं होतं. तिला वास्कोतली जुनी खोली दाखवायची होती. ती गल्ली सापडली, खोलीच्या जागी आता चार मजली इमारत आहे. ती खाली उतरली नाही.

घरी आल्यावर काम वाढलं. काकूचं बोलणं मी लिहून काढते आहे, तिच्या मालवणीत, जसंच्या तसं. पत्रं साल आणि महिन्याप्रमाणे लावून पाकिटांवरचे शिक्के उतरवून घेतले. ओरोसच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले, तिथल्या माणसाने कागद नीट बघून सांगितलं की नौसैनिकांच्या सेवेची नोंद मुंबईला मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असते. विधवा पत्नीच्या सहीने, सेवाक्रमांक घालून अर्ज करावा. पदकावरचा क्रमांक तिथे कामी आला, कारण सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाचा कोपरा वाळवीने खाल्ला आहे. अर्जात आम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. भाऊकाका विक्रांतवर नेमके कोणत्या तारखेला रुजू झाले, आणि डिसेंबरात ते सी हॉकच्या बाजूला होते की अलिझेच्या.

काकूचं म्हणणं अलिझेच्या. कारण वास्कोत असताना रात्री अलिझेचा आवाज आला की ते झोपेतून उठून बसायचे आणि तो पूर्ण विरेपर्यंत पुन्हा आडवे व्हायचे नाहीत. सी हॉक गेलं तर कूसही बदलायचे नाहीत.